पणजीचं नाव काय?

(सांगली जिल्ह्यातील कार्यकर्त्या मैत्रिणींच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मैत्रिणींनो,

बोलायला सुरुवात करण्याआधी एक प्रश्न विचारते. तुमच्या आईच्या आईच्या आईचं नाव किती जणींना माहीत आहे? हात वर करा. सात. आपण साठ-पासष्ट जणी बसलोय आणि हात सात. आता वडिलांच्या वडिलांच्या वडिलांचं नाव? बघा, निम्म्याहून जास्त हात वर आले. लाजायचं कारण नाही. चार वर्षांपूर्वी मलाही पहिल्या प्रश्नाला हात वर करता आला नसता.

मला विषय दिलाय तो मुलांना आपल्या घराच्या इतिहासाची गोडी कशी लावायची असा. संयोजक मैत्रिणी म्हणाल्या, तू वस्तीतल्या मुलांबरोबर हे काम करतेस, त्याचा अनुभव सांग. सांगते. पण अनुभव सांगायचा तर चुकांपासून सांगावा लागेल.

आमच्या केंद्रात उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं येतात. नऊ ते चौदा वयाची, मुलगे-मुली दोन्ही. पहिल्या वर्षी मी ठरवलं की मुलांकडून वंशावळ करून घ्यायची. एक कागद तयार केला. वर मुलाचं नाव, खाली वडिलांचं, त्याखाली आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा. पंचवीस प्रती काढल्या आणि वाटल्या. दुसऱ्या दिवशी एका मुलीची आई तो कागद घेऊन आली. नवऱ्यानं टाकलेली, चार घरची धुणीभांडी करून मुलगी वाढवणारी बाई. कागद माझ्यापुढे धरून म्हणाली, "बाई, ह्यात माझी जागा कुठं हाय?"

मी गप्प बसले. तीस वर्षं मी चळवळीत आहे. परित्यक्तांच्या मोर्चात घोषणा दिल्यात. आणि कागद काढताना मी काय केलं होतं, तर जातीच्या दाखल्यासाठी जी वंशावळ प्रतिज्ञापत्राला जोडतात, तोच नमुना डोळ्यांसमोर ठेवून छापला होता. त्यात बाई नसतेच. मला ते खटकलंसुद्धा नव्हतं.

तो कागद आम्ही फाडून टाकला. मग मुलांना फळ्यावर साधं गणित घातलं. आपल्याला आईवडील किती? दोन. आजी-आजोबा? दोन्हीकडचे मिळून चार. पणज्या-पणजोबा? आठ. खापरपणज्या-खापरपणजोबा? सोळा. आता घराण्याच्या वंशावळीत या सोळांतलं कोण असतं? एक. सोळा माणसांतली पंधरा माणसं गायब, आणि त्यात सगळ्याच्या सगळ्या आठ बाया. मुलांना हे गणित फार आवडलं. एक मुलगा म्हणाला, "म्हणजे मी माझा एक सोळांशच ओळखतो." या वाक्यापासून आमचं खरं काम सुरू झालं.

आपल्या भागात हेळवी येतात, तुम्ही पाहिले असतील. पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारे लोक. ते येतात, घराण्याची नावं सांगतात, धान्य-पैसा घेऊन जातात. त्र्यंबकेश्वरला, नाशिकला तीर्थोपाध्यांकडे वह्या आहेत. काही घराण्यांनी छापील कुलवृत्तांत काढलेत. या सगळ्यांची किंमत मी कमी करत नाही. पण हे सगळं घराण्याचं आहे, आणि घराणं म्हणजे मुलग्यांची ओळ. लेक लग्न होऊन गेली की तिची रेघ तिथंच थांबते. सून आली तर अमक्याची पत्नी म्हणून. श्राद्धाला जिथं आई, आजी, पणजीचं नाव घेतात, तिथंही ते सासरचं नाव असतं.

हे नाव बदलणं आपल्याकडे फार पूर्ण होतं. आडनाव, मधलं नाव तर जातंच, पण स्वतःचं पाळण्यातलं नावही जातं. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहायचं, सगळ्यांनी कौतुक करायचं, आणि मग ते तांदूळ आवरून ठेवायचे. मुलीनं जन्मापासून ऐकलेलं नाव त्या दिवशी संपलं. त्यामुळे आजीचा शोध घ्यायचा तर दोन नावांनी घ्यावा लागतो. आमच्या मुलांना पहिला प्रश्न हाच शिकवला: "आजी, तुझं माहेरचं नाव काय?" कितीतरी आज्यांनी ते नाव पन्नास-साठ वर्षांनी तोंडून काढलं. एका आजीचं माहेरचं नाव नदीचं होतं आणि सासरचं देवीचं. नातीनं तिला दिवसभर नदीच्या नावानं हाक मारली. आजी म्हणाली, "आगं, आईच्या मागं कुणी असं बोलावलं न्हाई मला." आज इथं कुणाचीच नावं मी सांगणार नाही. ती त्या त्या घरची आहेत.

आता, मुलांना गोडी कशी लागते? एक गोष्ट अनुभवानं सांगते. "आजी, तुझ्या आयुष्याची गोष्ट सांग" असं म्हटलं तर आजी म्हणते, "माझं काय सांगायचं, सारं आयुष्य चुलीपुढं गेलं." आणि मूल कंटाळतं. वस्तूपासून सुरुवात केली तर दोघंही रंगतात. म्हणून आम्ही मुलांना पहिल्या आठवड्यात मांडणीवरची भांडी वाचायला लावली. आपल्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यांवर नावं कोरायची पद्धत. कुणाकडून, कुणाला, कधी. पितळी डबे, तांब्या, परात, घागर. चिंचेनं घासून लख्ख केलं की अक्षरं दिसायला लागतात. मुलं घरोघर भांडी घासत सुटली! आयांनी माझे आभार मानले ते आधी याचसाठी.

भांड्यांनंतर ट्रंक. लग्नपत्रिका, आहेराची वही, रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला. मग गोधडी. कुठला तुकडा कुणाच्या लुगड्याचा. मग हातावरचं गोंदण. कुणी गोंदवलं, किती वर्षांची होतीस, दुखलं का. आणि जात्यावरच्या ओव्या. बाईनं स्वतः रचलेला, स्वतःच्या तोंडानं सांगितलेला कागद जर कुठला असेल तर तो ओवी. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयटवां यांनी गावोगाव फिरून लाखाच्या घरात ओव्या गोळा केल्या. त्यात माहेर आहे, भाऊ आहे, सासुरवास आहे, आंबेडकर आहेत. पिठाची गिरणी आली, जातं थांबलं, आणि गळाही थांबला. पण आजीपुढे जात्याचा खुंटा धरून बसलं तर अजून चार ओव्या आठवतात.

प्रश्न कसे विचारायचे, तेही मुलांनी हळूहळू शोधलं. पायात पहिली चप्पल कधी घातलीस? पाणी कुठून आणायचीस? शाळा कितवीत सुटली आणि का? शेंगा फोडताना, भाजी निवडताना, हात कामात असताना विचारायचं. मुलगा, सून, आजोबा समोर नसताना विचारायचं. कारण आजोबा शेजारी बसले की आजी दर वाक्याला त्यांच्याकडे बघते, आणि आजोबाच उत्तर देतात. मोबाईलवर आवाज टिपायचा, पण आधी विचारून. आणि ती "हे नको" म्हणाली तर तिथं बंद करायचं.

सालं कुणाला आठवत नाहीत. आधारकार्डावर बहुतेक आज्यांचा जन्म एक जानेवारीचा नाहीतर एक जूनचा. मग आम्ही फळ्यावर मोठ्या घटना लिहिल्या. ११ डिसेंबर १९६७, कोयनेचा भूकंप. १९७२ चा दुष्काळ, सुकडी आणि खडी फोडायची कामं. १८ जानेवारी १९८२, मुंबईत गिरणी संप सुरू झाला, आमच्या वस्तीतले बरेच आजोबा तेव्हा परतले. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. या घटनांच्या वेळी तू काय करत होतीस, कोण कडेवर होतं, कोण पोटात होतं, असं विचारायचं.

एका अकरा वर्षांच्या मुलीनं अशीच गोष्ट आणली. आजी म्हणाली, भूकंपाच्या पहाटे थोरला अंगावर पीत होता, त्याला उचलून अंगणात पळाले. म्हणजे १९६७. थोरला झाला त्याच्या आधी दोन वर्षं न्हाण आलं. म्हणजे १९६५. आणि न्हाण आलं ते लग्नानंतर तीन वर्षांनी. म्हणजे लग्न १९६२ साली. न्हाण तेरा-चौदाव्या वर्षी आलं धरलं, तर लग्नात वय दहा-अकरा. आधारकार्डावरचं १९४८ साल अर्थातच कुणीतरी अंदाजानं घातलेलं. मुलीनं हिशेब दोनदा केला. मग म्हणाली, "माझ्याएवढी." आणि वहीवर डोकं ठेवून बसली.

त्या दिवशी मी बालविवाहावर एकही भाषण दिलं नाही. मुलांनीच विचारलं, तेव्हा कायदा नव्हता का? होता. शारदा कायदा १९२९ चा. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात वधूचं वय पंधरा होतं, ते १९७८ साली अठरा झालं. म्हणजे आजीचं लग्न तेव्हाच्या कायद्यानंही चुकीचं होतं. "मग पोलीस का आले नाहीत?" याचं उत्तर मला तुमच्यासारखंच देता आलं नाही. पण या मुलीला आता कुणी अठराव्या वर्षाच्या आत बोहल्यावर उभं करू म्हणालं तर ती काय म्हणेल, याची मला थोडी खात्री आहे.

आता दोन अवघड गोष्टी सांगते, कारण हे काम सगळं गोड नाही.

एका मुलाला घरच्या घागरीवर एका बाईचं नाव सापडलं. घरात त्या नावाचं कुणीच नाही. त्यानं आजीला विचारलं. आजी म्हणाली, "ठेव ती जाग्यावर." चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. मग एके रात्री तिनंच सांगितलं. आजोबांची पहिली बायको. चार वर्षांत मूल झालं नाही म्हणून माहेरी पोचवली. बाई परत गेली, भांडी राहिली. आणि ही आजी पन्नास वर्षं त्या घागरीनं पाणी भरत होती. "रोज नाव बघायची मी तिचं," म्हणाली, "वाचता येत न्हवतं, तरी कुणाचं हाय ते ठावं हुतं."

मुलगा पेटला. तिला शोधू म्हणाला. मला वाटलं, हे मी काय उघडून बसले? आजोबा जिवंत, घरात तीन सुना. आम्ही केंद्रात बसून बोललो आणि ठरवलं की ही गोष्ट आजीची आहे, तिनं सांगितलं तरच पुढे जायचं. आजी म्हणाली, लिहू नका. आम्ही नाही लिहिली. सुट्टीच्या शेवटी आम्ही वस्तूंचं प्रदर्शन भरवतो, तिथं त्या मुलानं घागर ठेवली, शेजारी कागद कोराच ठेवला. वस्तीतल्या बाया बघायला आल्या. कुणीतरी विचारलं, ही कुणाची? आजी तिथंच उभी होती. तिनं ते नाव घेतलं, मोठ्यानं, आणि म्हणाली, "माझ्या आधीची. वारली ती, धा-बारा वर्सं झाली. भावाच्या दारात." नंतर ती त्या मुलाला म्हणाली, "आता लिही."

दुसरी गोष्ट जमिनीची. थोडी मोठी मुलं जुने कागद वाचायला शिकली. सातबारा आता मोबाईलवर दिसतो, पण इतिहास असतो तो फेरफारात. माणूस मेला की वारसांची नोंद होते, मुलगे, मुली, विधवा. मग पुढच्या फेरफारात येतं, बहिणींनी हक्कसोडपत्र करून दिल्यानं त्यांची नावं कमी केली. एका चौदा वर्षांच्या मुलानं आपल्या घरचा असा फेरफार वाचला आणि राखीपौर्णिमेला आलेल्या आत्याला सगळ्यांसमोर विचारलं, "आत्या, तू तुझा हिस्सा का सोडलास?" आत्या हसली, म्हणाली, "माहेर तुटू नये म्हणून बाळा." आणि मग रडायला लागली.

त्याचे वडील दुसऱ्या दिवशी केंद्रात आले. खूप बोलले. पोरांना घर फोडायला शिकवता, म्हणाले. मुलाचं येणं बंद झालं, ते आजपर्यंत बंद आहे. आत्याला जमीन मिळाली का? नाही. हक्कसोडपत्र नोंदवलेलं आहे, अंगठा तिचाच आहे. पण दोन महिन्यांनी ती आमच्या केंद्रात आली, स्वतःसाठी नाही, तिच्या मुलीसाठी. मुलींचा हक्क काय, हे विचारायला. तिला आम्ही सांगितलं: वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत लेकीला वाटा १९५६ च्या कायद्यापासून आहे. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्रानं १९९४ साली मुलीला जन्मानं हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ साली देशभर दिला, तो लग्न झालेल्यांनाही. आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही. ती म्हणाली, "मग सही करायच्या आधी पोरीनं हे वाचायला पायजे."

या प्रसंगानंतर मी स्वतःला विचारलं, की जे मोठ्यांना विचारायचं धाडस आपल्याला होत नाही, ते आपण मुलांच्या तोंडी घालतो का? मुलांच्या खांद्यावर बंदूक ठेवतो का? मला वाटतं, इथं सावध राहिलं पाहिजे. आता आम्ही फेरफार वाचायच्या आधी घरच्यांची बैठक घेतो, काय वाचणार ते सांगतो. काही जण मुलं पाठवत नाहीत. चालेल. त्या मुलाची जागा मात्र आम्ही भरलेली नाही.

आणखी एक सांभाळायचं. सगळ्यांकडे कागद सारखे नसतात. ज्यांच्याकडे जमीन, ज्यांच्याकडे अक्षर, त्यांच्याकडे कागद. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली तेव्हा गावोगाव मोडीतली दप्तरं बाहेर आली, पणजोबांचं नाव सापडलं म्हणून लोकांना आनंद झाला. पण भटक्या-विमुक्तांच्या पोरानं कुठं शोधायचं? त्याच्या खापरपणजोबाची नोंद असलीच तर पोलिसांच्या हजेरीत, कारण १८७१ च्या कायद्यानं काही जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या होत्या, तो कायदा १९५२ साली गेला. अशा मुलाला "तुझ्याकडे काही नाही?" असं चुकूनही म्हणायचं नाही. कागद का नाही, हाच त्याच्या घरचा इतिहास. तो आजीच्या तोंडी आहे. दत्तक मूल आहे, आई-बाप कुणीच नसलेलं मूल आहे, एकट्या आईचं मूल आहे. म्हणून आम्ही आता झाड काढत नाही. ठिपक्यांची रांगोळी काढतो. मधल्या ठिपक्यावर मूल, भोवती ज्यांनी वाढवलं, सांभाळलं, शिकवलं ते सगळे. रक्ताचं नातं असो नसो. त्या पहिल्या मुलीनं आईचा ठिपका सर्वांत मोठा काढला, आणि शेजारच्या दोन मावश्या त्याच्या दोन्ही बाजूंना.

आता तुम्ही म्हणाल, आपल्यापुढे एवढे प्रश्न असताना हे कशाला? मी सांगते. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक केलं. आंबेडकरी चळवळीतल्या बायांना त्या घरोघर जाऊन भेटल्या, त्यांच्या तोंडून सगळं लिहून घेतलं. ते तेव्हा केलं नसतं तर आज ती नावं आपल्याकडे नसती. हैदराबादच्या मैत्रिणींनी तेलंगणाच्या लढ्यातल्या बायांचं असंच काम केलं. बाईचा इतिहास कुणी दप्तरात बांधून ठेवत नाही. जी विचारते तिलाच तो मिळतो, आणि विचारायला ठरावीक वर्षंच असतात.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचं नाव लागणार, असा शासनाचा निर्णय झालाय. त्यासाठी बायकांनी किती वर्षं मागणी केली ते तुम्हाला माहीत आहे. पण कागदावर आईचं नाव आलं म्हणून आईची गोष्ट मुलाला कळेल असं नाही. ती विचारावी लागेल, सांगावी लागेल. आणि आपल्या आईची, तिच्या आईची आपल्यालाच माहीत नसेल तर आपण काय सांगणार?

माझ्या पणजीचं नाव मला कसं मिळालं ते सांगून थांबते. मुलं मला म्हणाली, बाई, तुमची रांगोळी कुठाय? मी आजोळी गेले. आई, आजी कधीच गेल्यात. एक मामी आहे, ऐंशीच्या पुढची, आता नीट ऐकू येत नाही. तिला ओरडून विचारलं, आजीच्या आईचं नाव काय? तिला नाही आठवलं. मी परत निघाले, एस.टी.च्या थांब्यावर उभी होते, तर मामेभावाचा मुलगा सायकलवरून धावत आला. "आत्या, आजीला आठवलं!" मामीनं सासूच्या तोंडून एक अंगाईगीत ऐकलं होतं, त्यात सासू स्वतःच्या आईचं नाव घालून गायची. तेवढ्यावर ते नाव टिकलं. मी पाच वर्षं उशीर केला असता तर तेही गेलं असतं.

तर आज घरी जाताना एवढंच करा. शिबिराच्या वहीच्या शेवटच्या पानावर आपलं, आईचं, आजीचं, पणजीचं नाव लिहा. माहेरचं लिहा. जिथं रेघ कोरी राहील तिथं कोण सांगू शकेल ते नाव शेजारी लिहा, आणि या आठवड्यात तिच्याकडे जा. जाताना एखादं मूल बरोबर न्या. प्रश्न त्यालाच विचारू द्या.